फुटव्हॉल

मोटार पाणी ओढत नसली की आधी फुटव्हॉल बघायचा, मोटारीला शिव्या नंतर द्यायच्या. आण्णांच्या दुकानात मी शिकलेली ही पहिली गोष्ट. केजला बसस्टँडच्या पलीकडं त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास, आणि उन्हाळा लागला की दारात रांगेनं पडलेल्या जळक्या मोटारी. विहिरींनी तळ गाठला की मोटारी कोरड्या फिरायच्या, जळायच्या आणि आमच्याकडं यायच्या. म्हणजे दुष्काळ पडला की आमच्या घरी चार पैसे जास्त यायचे आणि प्यायला पाणी नसायचं. लहानपणी यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

ज्यांनी विहीर बघितली नाही त्यांच्यासाठी: फुटव्हॉल म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाला बसवलेली झडप. पाणी वर जाऊ देते, खाली उतरू देत नाही. तिच्यात काडीकचरा अडकला की पाइपातलं पाणी रात्रीतून विहिरीत परत जातं, सकाळी मोटार हवा धरते, आणि शेतकरी मोटार काढून दुकानात घेऊन येतो. निम्म्या वेळा मोटार ठणठणीत असायची.

मी गेली वीसेक वर्षं मेंदूतल्या पाण्यावर काम करते. त्यातही वाढत्या मेंदूतल्या, कोंबडीच्या अंड्यात दोन-चार दिवसांचं पिल्लू असतं त्याच्या डोक्यातल्या पाण्यावर. मराठी पुस्तकात त्याला ‘मस्तिष्क-मेरू द्रव’ म्हणतात. हा शब्द मी व्याख्यानात वापरते, घरी कधीच नाही. आमच्याकडं एक तर ‘डोक्यात पाणी झालंय’ असं म्हणतात, नाही तर ‘पाठीतलं पाणी काढलं’. आणि पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हे तर सगळ्या गावाला माहीतच असतं. (पडत नाही. पाठीतून सुईनं पाणी काढायची पद्धत 1891 पासून चालत आलीय, क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरची. सुई टोचतात ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली असते. हे मी माझ्या सख्ख्या मावशीला तीनदा सांगितलंय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तुला तसंच वाटणार.")

या कामाकडं मी वळले ते आतेभावामुळं. म्हणजे त्याच्या डोक्यामुळं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आत्याला चौथा महिना होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याकडंही भांडी पडली, माणसं अंगणात आली. पुढं फेब्रुवारीत पोरगा झाला आणि त्याचं डोकं आठवड्याला दिसेल असं वाढू लागलं, तेव्हा सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं: भूकंपाला घाबरली म्हणून. आत्याच्या सासूनं तर त्यात भर घातली की घाबरून ती उंबऱ्यावर बसली होती. आत्या वर्षानुवर्षं तो उंबरा मनात घेऊन जगली.

आण्णांनी दोघांना औरंगाबादला नेलं. मी तेव्हा अकरा वर्षांची, सुट्टी होती म्हणून मलाही नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात, एकीतलं पाणी दुसरीत जातं, आणि तिसरी-चौथीच्या मधे एक बारीक वाट असते. त्या वाटेचं शास्त्रीय नावच ‘अक्विडक्ट’, म्हणजे पाणी वाहून नेणारी नहर. डॉक्टर म्हणाले, "आपल्या मलिक अंबरची नहर बघितलीय ना? जमिनीखालनं पाणी शहरात यायचं. ती मधेच चेपली तर मागं पाणी तुंबणार की नाही? ह्याची तीच वाट चेपलेली आहे." पुढं मी पुष्कळ परिषदा ऐकल्या, पण जलशीर्ष, म्हणजे हे डोक्यात पाणी तुंबणं, याहून सोपं करून कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याची नळी काढली. डोक्यातून निघून कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालनं पोटात सोडायची. तिच्या मधे एक छोटी झडप. आण्णांनी हात पुढं केला, "बगू." त्यांनी ती नळी उजेडात धरली, एका टोकानं फुंकली, उलटी करून दुसऱ्या टोकानं फुंकली. मग डॉक्टरांकडं बघून म्हणाले, "हे तर फुटव्हॉलच हाय की साहेब."

डॉक्टर हसले, हो म्हणाले. आण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग कचरा अडकला तर?"

अडकला. एकदा तो चार वर्षांचा असताना, एकदा दहावीत. दोन्ही वेळा नळी बदलावी लागली. आज तो तिशी ओलांडलेला आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि नवीन ओळख झाली की समोरच्याचं बोट धरून कानामागच्या नळीवर ठेवतो. माणसं दचकतात. त्याला तीच गंमत वाटते.

खूप नंतर मी वाचलं की या झडपेच्या सुरुवातीच्या चांगल्या नमुन्यांपैकी एक खरोखरच कारखान्यातल्या माणसानं बनवली होती. अमेरिकेतला जॉन होल्टर. त्याच्याच मुलाला जलशीर्ष होतं, तेव्हाच्या नळ्या सारख्या बिघडायच्या, म्हणून त्यानं 1956 च्या सुमारास सिलिकॉनची चिरेची झडप तयार केली. हे मी आण्णांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "करणारच. त्याला काम येत होतं."

बी.एस्सी. अंबाजोगाईला झाली. एम.एस्सी. विद्यापीठात, प्राणिशास्त्र, 2004 ते 2006. तिथं प्रॅक्टिकलला पहिल्यांदा अंडं उघडलं. दुकानातलं अंडं चालत नाही, फळलेलं लागतं, तर मी आठवडी बाजारात गावरान अंडी विकणाऱ्या बाईला विचारलं, "मावशी, कोंबडा आहे ना घरी?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुला अंडी पाहिजेत का सोयरीक?"

अंडं साधारण 38 अंशाला ठेवलं की 33 ते 38 तासांत पिल्लाच्या डोक्याच्या जागी तीन फुगवटे दिसतात. एवढा वेळ अखंड ऊब पाहिजे, आणि ते दिवस लोडशेडिंगचे. उबवणीयंत्र बंद पडलं की अंडी गार. शेवटी मी आणि माझी रूममेट अंडी होस्टेलवर आणायला लागलो, गरम पाण्याच्या पिशव्या लावून आजीच्या वाकळेत गुंडाळायला लागलो. दर दोन तासांनी उठून पिशव्या बदलायच्या. वॉर्डनबाईंनी एकदा वाकळ उघडून बघितली, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरची एक पिशवी आणून दिली.

त्या तीन फुगवट्यांनी मला धरून ठेवलं ते असं. मेंदू सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा वर उचलतात, एकमेकींना भिडतात आणि नळी तयार होते. नळीचं तोंड मिटताना बाहेरचं गर्भजल आत कोंडलं जातं. डोक्यातलं पहिलं पाणी हे असं बाहेरून आलेलं. मग नळीच्या भिंती स्वतः त्यात भर घालू लागतात. आणि कोंबडीत आणखी एक गोष्ट होते: पाठीच्या कण्यातली वाट काही काळ चिमटून बंद होते. डोक्यातलं पाणी खाली उतरू शकत नाही, आत दाब चढतो आणि मेंदू फुगतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले होते, लायब्ररीत. दोन दिवसांच्या पिल्लालाही फुटव्हॉल होता.

दाबानंच मेंदू वाढतो का, हे 1977 साली मेरी डेस्मंड आणि अँटोन जेकबसन यांनी तपासलं होतं. त्यांनी कोंबडीच्या गर्भात बारीक नळी घालून पाणी बाहेर येऊ दिलं. मेंदूची वाढ खुंटली, भिंती आतल्या आत दुमडल्या. पुण्यात पीएच.डी.ला लागले तेव्हा मला वाटलं होतं, मी याच वाटेवर चार पावलं पुढं जाईन.

सुट्टीत आण्णांना प्रयोग समजावत होते. ते तेव्हा दुकान कमी करून ठिबकची कामंही घ्यायला लागले होते. सगळं ऐकून म्हणाले, "पाणी काढलं तर दाबबी गेला आन् पाण्यातलं खतबी गेलं. तुला कसं कळणार कशानं वाढ थांबली ते?"

मी गप्प झाले. कारण माझ्या गाईडनं आदल्याच आठवड्यात इंग्रजीत हेच विचारलं होतं, आणि मला तेव्हा ते नीट समजलंच नव्हतं.

ठिबकवाल्यांना ही गोष्ट सांगायला एक मिनिट लागत नाही. पाण्यातून खत सोडायचं आणि तेही पिकाच्या वयाप्रमाणं. रोप लहान असताना 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण), फुलोऱ्यात 0:52:34, फळ भरताना 0:0:50. टाकी तीच, नळी तीच, पाणीही दिसायला तेच. बदलतो तो पाण्यातला मजकूर. मेंदूतही असंच चालतं. पेशी जिथं विभागतात ती मेंदूच्या भिंतीची आतली कड थेट या पाण्यात बुडालेली असते, त्यामुळं पाण्यात जे विरघळलंय ते त्यांना पहिल्यांदा कळतं. मोठ्या माणसाच्या पाण्यात प्रथिनं अगदी विरळ, 100 मिलिलिटरमागं 15 ते 45 मिलिग्रॅम. गर्भातल्या पाण्यात ती कितीतरी जास्त.

स्पेनमध्ये वायादोलिदच्या गातो यांच्या गटानं 2005 मध्ये दाखवलं होतं की कोंबडीच्या गर्भातला मेंदूचा तुकडा बाहेर काढून वाढवला तर त्याच्या पेशी विभागायच्या मंदावतात आणि मरायला लागतात. त्यात गर्भातलंच पाणी घातलं की पुन्हा सावरतात. तुकड्यात दाब कुठला आला? म्हणजे खत होतंच. मी याच कामात होते. तिसऱ्या दिवशीच्या पिल्लाचं पाणी काढून त्याला चौथ्या-पाचव्या दिवसाचं द्यायचं, मग काय होतं ते बघायचं. एका पिल्लाच्या डोक्यातून काचेच्या केशनळीत थेंबभरही पाणी येत नाही. पन्नास अंडी उघडली की कुठं एक प्रयोग. रक्ताचा लवलेश आला की सगळं ओतून द्यायचं, कारण मग ती प्रथिनं पाण्याची की रक्ताची हे सांगता येत नाही. चार वर्षांत मी जेवढं ओतून दिलं ते आठवलं की अजून जीव तुटतो.

आणि 2011 मध्ये ‘न्यूरॉन’ या शोधपत्रिकेत तो पेपर आला. बोस्टनच्या मारिया लेहतिनेन, क्रिस्टोफर वॉल्श आणि सहकारी. त्यांनी उंदराच्या गर्भातल्या मेंदूचे तुकडे वेगवेगळ्या वयाच्या पाण्यात वाढवले. गर्भावस्थेतल्या पाण्यात पेशी जोमानं विभागल्या, मोठ्या उंदराच्या पाण्यात तितक्या नाहीत. त्यांनी त्यातलं एक खत नावानिशी पकडलं, ‘आयजीएफ-2’ हे इन्सुलिनच्या कुळातलं प्रथिन. ते कोरॉइड प्लेक्ससमधून पाण्यात येतं, आणि ते ओळखून पकडणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या नेमक्या पाण्याकडच्या टोकाला असतो. मी तो पेपर दुपारी वाचला, संध्याकाळी परत वाचला, रात्री मेसला गेले नाही. इतकं देखणं काम, आणि ते आपण केलेलं नाही.

इथं कोरॉइड प्लेक्ससबद्दल चार शब्द, कारण माझ्यापुरता सगळ्या कथेचा नायक तोच आहे. मेंदूच्या पोकळ्यांत शेवाळाच्या झुपक्यासारखं लोंबणारं ते एक ऊतक. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, दुधाच्या एका पिशवीएवढं, आणि त्यातलं बहुतेक हा झुपका करतो. एका वेळी डोक्यात नि पाठीत मिळून असतं ते मात्र 150 मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे टाकी दिवसातून तीन-चारदा बदलते. आणि त्या पाण्यात चौदाशे ग्रॅमचा मेंदू जेमतेम पन्नास ग्रॅमचा असल्यासारखा तरंगतो. विहिरीतून बादली ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाण्याबाहेर आली की खरं वजन कळतं. अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत हे पाणी म्हणजे मुख्यतः गादी, धक्का शोषणारी, आणि घाण वाहून नेणारी. तेही खरंच आहे. पण गादीत चिठ्ठ्या शिवलेल्या असतात हे बघायला फार कमी लोक बसले.

पीएच.डी. झाली. जर्मनीत तीन वर्षं काढली, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. थंडी, चांगली सूक्ष्मदर्शकं आणि एकटेपणा. एक दुपार तेवढी आठवते. एप्रिल 2016. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी पोहोचलं, पहिल्या फेरीत दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. प्रयोगशाळेतल्या एका पोरानं बातमी दाखवली, "हे तुझ्याकडचं ना?" मी त्या वेळी पिपेटनं एक मायक्रोलिटर पाणी मोजत होते. हात थांबला. आत्या तेव्हा लातूरलाच राहायची. फोन लावला तर म्हणाली, "बाई, आम्ही टँकरच्या रांगेतच हाव. नंतर बोल."

दुसऱ्या वर्षी परत आले. आता लातूरला शिकवते. परत येण्यामागं काही उदात्त नव्हतं, आईचे गुडघे होते. एका निधी समितीत मला विचारलं गेलं, असलं काम अशा ठिकाणी कसं होणार? मी म्हटलं, अंडी तिथंही आठ-दहा रुपयांनाच मिळतात. पैसे मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरीकडून थोडे मिळाले, त्यावर एक उबवणीयंत्र, एक जुनं सूक्ष्मदर्शक आणि दोन विद्यार्थिनी चालतात.

त्यातली एक धारूर भागातली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिनं एकदा सहज विचारलं की माणसात मेंदूची ती नळी कधी मिटते. मी म्हटलं, चौथ्या आठवड्यात, 28 दिवसांच्या आत. ती हिशेब करत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तवर तर बाईला पाळी चुकलेलीबी नीट कळत नाही." बाई फडावर असते, कोयता चालू असतो, आणि फॉलिक ॲसिडची गोळी तिच्यापर्यंत पोचेस्तोवर नळी मिटलेली असते, किंवा मिटायची राहिलेली असते. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, आधी नळी न मिटलेलं मूल झालेल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. ‘आधीपासून’ हा त्यातला सगळ्यात महागडा शब्द. आपल्याकडं लग्न झालेल्या मुलीला गोळी कधी द्यायची हे ठरवण्याआधी तिला दिवस कधी जाणार हे सासर ठरवतं. हे मी वर्गात बोलते आणि कुणाकुणाच्या पालकांना आवडत नाही.

2021 मध्ये बोस्टनच्याच गटाचं आणखी एक काम आलं आणि ते मी आण्णांना मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदरात कोरॉइड प्लेक्ससमधला एक पंप, ‘एनकेसीसी-1’ नावाचा, पाणी बनवत नाही, उलट पोकळीतलं पोटॅशियम आणि त्याच्याबरोबर पाणी बाहेर ओढतो. जलशीर्ष असलेल्या उंदरात हा पंप वाढवला तर पोकळ्या कमी फुगतात. आण्णा लगेच म्हणाले, "थ्री फेजच्या दोन वायरी बदलल्या की मोटार उलटी फिरती, तसं." उपमा पुरती बसत नाही, तो पंप कुठल्या बाजूनं चालेल हे दोन्हीकडच्या क्षारांच्या हिशेबावर ठरतं. पण मी वाद घातला नाही.

आतेभावाला मात्र यात फार रस नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे माझी नळी निघंल का?" मी नाही म्हटलं. उंदराच्या पिल्लात दिसलेलं माणसात यायला किती वर्षं लागतील, येईल की नाही, यावर मी त्याला खोटं कशाला सांगू. "मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाचा डिस्प्ले बसवायला लागला. आत्याला मी वेगळं सांगितलं, आणि ते सांगायला मला पंचवीस वर्षं लागली: भूकंपाचा काही संबंध नाही, उंबऱ्याचा तर नाहीच नाही. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आजेसासूला सांगायला पाहिजे होतं हे." माझी नाही, तिची सासू म्हणायचं होतं तिला. ती जाऊन दहा वर्षं झालीत.

मागच्या महिन्यात आण्णा पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आले. ऐंशीला टेकलेत, जिना चढायला वेळ लागला. मी तिसऱ्या दिवसाचं अंडं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काळीज उडताना दिसत होतं, डोक्याचे फुगवटे काचेसारखे स्वच्छ. ते बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले.

"ह्याच्यात पाणी कुठंय?"

"तेच तर. ते स्वच्छ दिसतंय ना, ते सगळं पाणी."

"हं." पुन्हा बघितलं. मग डोकं वर काढून उबवणीयंत्राकडं, तिथून भिंतीवरच्या वायरीकडं, वायरीवरून खाली कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरपर्यंत नजर नेली. "आन् लाइट गेली तर?"

"बॅटरी आहे की आण्णा."

ते काठी टेकत कोपऱ्यात गेले, वाकून बॅटरीची झाकणं एकेक करून उघडली, खिशातल्या मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं.

"तीन खण कोरडे पडलेत," ते म्हणाले. "जा, डिस्टिल वॉटर घेऊन ये. दोन बाटल्या आण."